नाव टाकलेला माल

चाळीसगावात लग्न कुणाचंही असो, नवरीच्या आधी तिचं नाव नासीरभाईच्या हाताखालून जायचं. फुलचंद शेठच्या भांड्यांच्या दुकानाबाहेर, पायरीच्या डाव्या अंगाला, एक लाकडी पाट, एक विजेचं मशीन आणि मांडीखाली घडी घातलेलं पोतं, एवढी नासीरची गादी. बत्तीस वर्षं तो तिथे बसून भांड्यांवर नावं टाकत होता. तांब्या, ताट, डबा, हंडा, जे पुढ्यात येईल त्यावर "मामाकडून सप्रेम भेट" असं कोरून द्यायचा. मशीन घर्रर्र करायचं आणि नासीर मान तिरकी करून, एखाद्या बाळाचं जावळ काढावं तशा हळुवारपणे अक्षरं उतरवायचा.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. शिंदखेड्याकडची एक बाई तर दरवेळी बजावायची, "नाव मोठं टाक भाऊ, मन्ही जेठानीले दूरथीन दिसनं पाहिजे." नासीर मोठं टाकून द्यायचा. कोणत्या घरात किती जावा-जेठाण्या आहेत आणि त्यांतल्या कोणाची नजर कमजोर आहे, हे तालुक्यात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. वाटण्या होताना भाऊ-भाऊ भांडायचे, तेव्हा पातेली उलटी करून नासीरचं अक्षर बघितलं जायचं. कोर्टात लागला नसता इतका झटपट निकाल लागायचा.

दुकानात गल्ल्याच्या वर एक पाटी होती: "नाव टाकलेला माल परत घेतला जाणार नाही." ही पाटी फुलचंद शेठच्या वडिलांनी लिहून घेतली होती आणि शेठ ती देवाच्या तसबिरीबरोबर रोज पुसायचे.

अशा या नासीरला लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली. तिचं नाव तहरीम. या वर्षी जून उजाडला तेव्हा तहरीमपुढे दोन स्थळं उभी होती. स्थळं म्हणजे विद्यापीठं, पण नासीरच्या घरात दुसरा शब्द सुचेना. एक दिल्लीजवळचं मोठं खासगी विद्यापीठ, तीन हिश्शांची फी माफ करून उरलेल्या एका हिश्शात माणसाचं कंबरडं मोडणारं. दुसरी केरळातली सरकारी विज्ञानसंस्था, फी थोडकी, वर दरमहा शिष्यवृत्ती, पण दोन दिवसांचा रेल्वेप्रवास आणि अभ्यास असा की पोरगी पुन्हा ओळखू येईल की नाही याची शंका.

"तिरुअनंतपुरम," नासीर बोटांवर अक्षरं मोजत म्हणाला. "शेठ, हे पेल्यावर मावणार नाही. पातेलं लागेल."

"मग दिल्लीला पाठव. दोन अक्षरांत काम," फुलचंद शेठ म्हणाले.

"दिल्ली पेल्यावर मावते शेठ, खिशात नाही मावत."

शेठ अडुसष्ट वर्षांचे, पोट गल्ल्याला टेकलेलं, कॉलेजचं तोंड न पाहिलेले. त्यामुळे शिक्षणाबद्दल त्यांची मतं अगदी पक्की होती. त्यांनी बिलबुकाच्या मागे तीन रकाने आखले: खर्च, शिक्षण, तिथलं वातावरण. पहिले दोन तहरीमने भरले. फी, पुस्तकं, प्रयोगशाळा, कोण शिकवतं, शिकून बाहेर पडलेली मुलं कुठे जातात, सगळं तिने मोबाइलवरून काढून आणलं. तिसऱ्या रकान्याला मात्र सगळेच अडले. माहितीपत्रकात तर दोन्हीकडची मुलं हिरवळीवर बसून हसत होती.

"माझ्यासारखी तिथं कुणी असेल का, हे त्यात लिहीत नाहीत," तहरीम म्हणाली.

"ते त्या घरच्याला विचारायचं नसतं," नासीर म्हणाला. "सोयरीक करताना आपण मुलाच्या बापाला विचारतो का, मुलगा कसा आहे? समोरच्या दुकानदाराला विचारतो."

आणि खरोखर त्यांनी तेच केलं. जिथे मारवाडी माणसाचं दुकान नाही असं गाव देवाने अजून घडवायचं आहे. शेठनी सुरतेच्या साडूला फोन लावला, साडूने आणखी कुणाला, आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही विद्यापीठांच्या फाटकासमोरचे दोन दुकानदार फोनवर हजर झाले.

दिल्लीवाला म्हणाला, "पोरं चांगली आहेत. बोलायला गोड. मुलींना कुणी अडवत नाही, टोकत नाही. पण एक कप कॉफी दोनशे चाळीसची पितात आणि अर्धी टाकतात. ज्याला ती परवडत नाही, तो माझ्याकडे येऊन दहाचा चहा पितो, एकटा."

केरळवाला म्हणाला, "इथली पोरं वही घ्यायला येतात आणि काउंटरवरच गणित सोडवत उभी राहतात. गिऱ्हाइकाला जागा उरत नाही. गावाकडच्या मुली पुष्कळ. दिवाळीपर्यंत रडतात, मग घरी जायचं नाव काढत नाहीत."

नासीरने घरी येऊन यातलं "दिवाळीपर्यंत रडतात" एवढं सांगितलं. पुढचं ऐकलं तर पोरीची आई तिला सोडणार नाही, म्हणून ते त्याने स्वतःजवळ ठेवून घेतलं.

रकाने भरले. केरळ जिंकलं, हे सगळ्यांनाच दिसत होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मोबाइलवर होकार भरायचा होता. पण तहरीम रोज म्हणायची, "अब्बा, विचार करते." तिची आई सुगराबी गुडघ्याला तेल चोळत म्हणायची, "करू दे विचार. पोरगी आहे, मशीन नाही."

विचार कसला चाललाय, ते नासीरला कळत होतं. पोरीचा पाय घरातून निघत नव्हता. आणि तो लवकर निघावा म्हणून नासीरच्या जिवाची जी घाई चालली होती, तिचं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

नासीरचे डोळे जात होते.

मोतीबिंदू असता तर त्याने गावभर सांगितलं असतं. पण दिवाळीआधी तो एकटाच धुळ्याला डॉक्टरकडे जाऊन आला होता. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं की नजरेच्या मधोमध जो धुराचा ठिपका बसलाय, तो वाढेल, जाणार नाही. कडेचं दिसत राहील, मधलं दिसणार नाही. म्हणजे समोर उभ्या माणसाचे कान दिसतील, तोंड नाही. "घरी सांगू नका," नासीर म्हणाला होता. डॉक्टर म्हणाले, "मी तुमच्या घरी कशाला येतो?"

तेव्हापासून तो कडेच्या नजरेने आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने काम रेटत होता. इंग्रजी पत्रं तहरीमच वाचून दाखवायची, त्यात कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. ती एकदा केरळात पोचली की मग डोळे जावोत की राहोत. बारावीचा निकाल लागेपर्यंत जे झाकलं, ते आणखी दोन महिने झाकायचं. एवढाच त्याचा हिशेब.

बुधवारी त्याला युक्ती सुचली. दुसऱ्या कुणाला ती सुचलीच नसती. त्याने बत्तीस वर्षांत पाहिलं होतं, लग्न ठरतं, मोडतं, पुन्हा ठरतं, पण भांड्यांवर नाव पडलं की कुणी मागे फिरत नाही. पाटीच तसं सांगायची. मग पोरीच्या भांड्यांवर एकदा नाव पडलं की तिचाही पाय निघेल.

त्याने दुकानातून एक ताट, एक वाटी, एक पेला आणि झाकणाचा डबा घेतला. दुपारी बाजार पेंगत असताना मशीन लावलं आणि चारही भांड्यांवर "तहरीम नासीर, केरळ" असं टाकलं. स्वतःच्या लेकीचं नाव त्याने आजवर कधी कोरलं नव्हतं. तो सावकाश, अंगठ्याने जागा चाचपत कोरत राहिला. आत शेठ गल्ल्यावर बसून त्याच्याकडे बघत होते आणि एरवीसारखी थट्टा करत नव्हते, याचंही त्याला काही वाटलं नाही.

संध्याकाळी त्याने भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून तहरीमच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"तुझा संसार. आता शेठ परत घेणार नाहीत. जावंच लागेल तुला."

कागद फाटल्याचा आवाज झाला. नासीर तिच्या कानांकडे बघून हसत राहिला.

"अब्बा, हे कधी केलंत?"

"दुपारी. कसं आलंय?"

"छान आलंय." मग तिने ताट त्याच्या पुढ्यात धरलं. "एकदा वाचून दाखवा ना. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

नासीरने घसा साफ केला, मान ऐटीत तिरकी केली आणि निकाह पढवावा तशा सुरात म्हणाला, "तहरीम नासीर. केरळ."

म्हणता म्हणता सवयीने त्याचा अंगठा ताटावरून फिरला. पत्रा गुळगुळीत होता. तिने ताट पाठीकडून धरलं होतं.

सुगराबीचा तेलाचा हात गुडघ्यावर थांबला. नासीरने अंगठा ताटाच्या कडेने पलीकडे नेला, तेव्हा अक्षरं लागली. 'तहरीम'च्या अक्षरांवर 'नासीर'ची अक्षरं पडली होती, त्यांवर 'केरळ'ची. एक ओळ काठावरून खाली घसरली होती. एखाद्या शिकाऊ पोराने हे केलं असतं तर त्याने त्याला पायरीवरून उठवलं असतं.

"किती दिवस झाले?" तहरीमने विचारलं.

"काय किती दिवस?"

"अब्बा."

"दिवाळीपासून," नासीर म्हणाला.

शुक्रवारी दुपारी फुलचंद शेठ घरी आले. दुकान उघडं टाकून ते आजवर फक्त वडिलांच्या अंत्ययात्रेला गेले होते. खाटेवर बसले, घाम पुसला आणि नासीरकडे न बघता म्हणाले, "सतरा भांडी माझ्या घरी आहेत. तुझी बिघडलेली. गिऱ्हाइकाला मी नवीन देऊन मोकळा होतो, नाव जुन्या स्टँडवरच्या पोराकडून टाकून घेतो. माझी बायको धनकुंवर म्हणते, आपल्या स्वयंपाकघरात बेबाबाईचा तांब्या, योगराजचं पातेलं, पाहुण्यांना वाटतं आपण चोरीचा माल घेतो."

"तुम्हाला माहीत होतं शेठ?"

"बत्तीस वर्षं माझ्या पायरीवर बसलास. मला काय मातीचा गणपती समजतोस?"

आठ महिने आपण सगळ्यांना फसवलं, एवढा एक अभिमान नासीरजवळ होता, तोही गेला.

शेठ मग तहरीमकडे वळले. "पोरी, तू भर तो होकार. हा पायरीवर नुसता बसेल, मी पगार देईन. पाटीसारखा बसेल."

"काका, अब्बा नुसते बसतील?" तहरीमने विचारलं.

नुसता बसलेला नासीर शेठनाही डोळ्यांपुढे आणता येईना.

"मी शपथ घालतो तुला," नासीर म्हणाला.

"घालू नका. मी मोडेन, आणि मग तुम्हालाच त्रास होईल." आवाज शांत होता. हा हट्ट तिने कुणाकडून घेतला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "गावातलं कॉलेज आहे. पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

पुढच्या वर्षी म्हणजे कधी, हे ऐकणाऱ्या तिघांनाही कळलं. नासीर भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसला. त्याला घड्याळाची चौकट दिसत होती, काटे दिसत नव्हते. म्हणून तो दर थोड्या वेळाने विचारायचा, "किती वाजले?" सुगराबी सांगायची. सव्वाचार. पावणेपाच. मग एकदा त्याने विचारलं आणि कुणीच सांगितलं नाही. तेव्हा त्याला समजलं की पाच वाजून गेले.

शेठ उठले. जाताना त्यांनी ती चार भांडी उचलली. "ही मी परत घेतो."

"पाटी आहे शेठ," नासीर म्हणाला.

शेठनी भांडी जागेवर ठेवली.

त्यानंतर तीन दिवस नासीर मुलीशी बोलला नाही. चौथ्या दिवशी तो पायरीवर गेला, तर पाटाजवळ आणखी एक पोतं अंथरलेलं होतं आणि त्यावर तहरीम बसली होती. कॉलेज अकराला. त्याआधी पहूरच्या एका लग्नाचा मोठा हंडा करून द्यायचा होता. तिने मशीन हातात घेतलं. नासीर अंगठे मांडीवर दाबून बसला. तिला शिकवायचं नाही, असं त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं.

मशीन घर्रर्र झालं आणि लगेच पत्रा किंचाळला.

"हात हलका," नासीरच्या तोंडून निघून गेलं. "पत्रा ओरडला की समजायचं, अक्षर चिडलंय."

आवाज खाली आला. तो कान देऊन ऐकत राहिला. काना झाला. वेलांटी झाली. वळणावर तिने दम घेतला, बरोबर तिथेच, जिथे तो घ्यायचा. शिरोरेघ एका दमात गेली, कुठे थरथरली नाही. केरळच्या फाटकासमोर काउंटरवर गणित सोडवत जी मुलगी उभी राहायला हवी होती, ती इथे हंड्यावर वाकली होती, आणि नासीर मनातल्या मनात अल्लाकडे मागत होता की हिचा हात एकदा तरी चुको. इतका चुको की शेठनीच हिला पायरीवरून उठवावं.

मशीन थांबलं. तहरीमने त्याचं बोट धरून हंड्यावर ठेवलं. त्याने पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बोट नेलं, आणि परत आणलं.

अक्षर फार सुरेख आलं होतं. त्याच्यापेक्षाही.

"कसं झालंय, अब्बा?"

"बरं आहे," नासीर म्हणाला, आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं. तिथे त्याला कडेकडेने माणसं जाताना दिसत होती.