बेसातले रातकिडे

ज्याच्या हाताखाली ड्रमची कातडी वर्षभरही टिकत नाही, तो माणूस एका दुपारी मला म्हणाला, "आपण दोघं मिळून काहीतरी हळू वाजवू बे." मी हातातला चहा खाली ठेवला. मला वाटलं, याच्या घरी काहीतरी वाईट झालं असणार.

कॉलेजपासून आमचा चौघांचा हार्ड रॉक बँड आहे. मी गिटार वाजवतो, तो ड्रम. पोटापाण्यासाठी मी बँकेत बसतो आणि तो शिकवणी वर्गात फिजिक्स शिकवतो. नोकरीपायी दोघांनीही केस कापले, पण आवाज कमी केला नाही. या सगळ्या आवाजात माझी ओळख म्हणजे माझा टोन. काचेवर खिळा ओढावा तसा चरचरीत. अँपवरचं ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाज वाढवायचं, बटण मी दरवर्षी थोडं थोडं पुढे नेत गेलो आणि कॉलेजची पोरं म्हणत गेली, भाऊ, असा टोन अख्ख्या विदर्भात कोणाचा नाही. मला ते ऐकायला फार आवडायचं.

'साईड प्रोजेक्ट' हा शब्द त्यानेच काढला. नागपुरात साईडला करतात ती प्लॉटची दलाली, एवढंच मला ठाऊक. मी तसं म्हटलंही. तो हसला नाही. म्हणाला, "माझ्या मायले माझं एकही गाणं आजवर समजलं नाही. एकदा प्रोग्रामले आली तं कानात कापूस घालून बसली. तिच्यासाठी एक गाणं करायचं हाये. तिनं कापूस न घालता ऐकावं, असं. तू नसला तं होणार नाही."

मी गहिवरलो वगैरे नाही, चिडलो. कापूस म्हणजे काय! पण त्याच्या आईला मी कॉलेजपासून काकू म्हणतो. परीक्षेच्या दिवसांत त्याच्या घरी अभ्यासाच्या नावाखाली पडून असायचो, तेव्हा त्यांच्या हातची भाकर आणि ठेचा मी त्याच्यापेक्षा जास्त खाल्ला आहे. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

रविवारी दुपारी हुडकेश्वरला त्याच्या घरी बसायचं ठरलं. त्याच्या वडिलांचा ढोलक कपाटावर होता. जयंतीच्या मिरवणुकीत वडील तो गळ्यात घालून पुढे असायचे. ते गेल्यापासून कोणी त्याला हात लावला नव्हता. तो त्याने खाली काढला, पुसला. मी साधी लाकडी गिटार घेतली, ना वायर, ना अँप. गाणं त्याने स्कूटरवर येता-जाता रचलं होतं. तो गाऊन दाखवायचा, मी सूर शोधायचो. घरातून घाईघाईने निघालेल्या पोराला त्याची माय दारातून हाक मारते, जेवून जा म्हणते, असं ते गाणं. आणि ते इतकं हळू होतं, की भर मे महिन्यात आम्ही कूलर बंद करून बसायचो. नागपूरच्या माणसाने मे महिन्यात कूलर बंद केला म्हणजे त्याचं प्रेम किती असेल ते समजून घ्यावं.

आणि तिथेच आमची भांडणं सुरू झाली. म्हणजे भांडायचो मी एकटाच. तो प्रत्येक ओळीचं शेपूट गिळायचा. "तोंड उघड ना बे," मी ओरडायचो, "खर्रा ठेवला काय गालात?" तो जरा मोठ्याने गायचा, गाणं बिघडायचं, मग पुन्हा हळू. बँडमध्ये एवढ्यातेवढ्यावरून स्टिक फेकून मारणारा हा माणूस इथे एक शब्द उलट बोलायचा नाही. त्याचाही मला राग यायचा. ढोलकावर तो बोटं घासायचा, म्हणायचा, "हे कसं वाटून राहिलं?" मला त्यात काही वाटण्यासारखं दिसायचं नाही. बोटं फिरताना दिसायची, बस.

माझी गिटारही मला बोथट वाटू लागली. मी तारा बदलल्या. नव्या ताराही तशाच. सीताबर्डीच्या दुकानात जाऊन मी त्या काउंटरवर आपटल्या आणि म्हणालो, "गिटारच्या तारा मागितल्या होत्या, कपडे वाळत घालायच्या नव्हे." दुकानदाराने एक तार लावून छेडली, कान जवळ नेला आणि म्हणाला, "झकास तर वाजते, साहेब." मला तो चोर वाटला. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

तिचं आणि माझं तेव्हा वरणावरून वाजलेलं होतं. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, असं सांगून ती शेजारी गेली. मी ओट्यापाशी उभा होतो, वरण करपलं. मी म्हटलं, कुकरची शिट्टी खराब झाली आहे. ती म्हणाली, "सगळ्याच नवऱ्यायले ऐकू येत नाही, त्यात नवल काय?" विषय तिथे संपला.

आणखी एक सांगायला हवं. आम्ही शहराच्या टोकाला, बेसाला राहायला गेलो तेव्हा घरामागे मोकळे प्लॉट होते आणि दिवेलागणीला रातकिडे असे सुरू व्हायचे की फोनवर बोलता येत नसे. पुढे ते बंद झाले. आल्यागेल्याला मी त्यावर भाषण द्यायचो, की या बिल्डर लोकांनी झाडं खाल्ली, नाले खाल्ले, शेवटी रातकिडेही ठेवले नाहीत. पाहुणे मान डोलवायचे. एकानेही मला अडवलं नाही.

गाणं बसलं. एका संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्याच्या गच्चीवर सतरंजी टाकली. शेजारची चार घरं, माझी बायको, आणि समोर खुर्चीत काकू. त्यांनी मला दोन्ही तळवे उघडून दाखवले. "पाहा गा, कापूस नाही आणला आज."

आता आमच्याकडे गाणं संपतं कसं, ते सांगतो. बँडमध्ये शेवट आला की ड्रमर स्टिक उंच धरतो. सगळ्यांचे डोळे त्या स्टिकवर. ती खाली आली की एकदम धडाम, आणि संपलं. सूर लावतानासुद्धा पायाजवळच्या यंत्रावर हिरवा दिवा लागला की झालं. इतकी वर्षं आम्ही डोळ्यांनी वाजवत आलो होतो आणि त्यालाच एकमेकांचं ऐकणं म्हणत होतो.

गच्चीवर स्टिक नव्हती. गाणं हळू होत गेलं. "जेवून जा" ही ओळ आली, त्याचे हात ढोलकावर थांबले, त्याने मान खाली घातली. संपलं, असं मी समजलो. शेवटचा सूर छेडला, तळव्याने तारा दाबल्या, हात जोडले आणि स्टेजवरच्या आवाजात म्हणालो, "चला, आलुबोंडे थंडे होऊन राहिले!"

कोणी उठलं नाही. बायको माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी कोणाच्या थोबाडीत मारली आहे. काकूंनी हात वर केला होता, थांब म्हणून. मी त्याच्याकडे वळलो. त्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. तो गात होता. माझ्यापासून हातभर अंतरावर बसून माझा मित्र गात होता आणि मला काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. माझ्या पायाखालून ती गच्ची गेली.

त्याने डोळे उघडले. "काहून थांबला बे?"

"संपलं ना गाणं?"

"शेवटची ओळ राहिली होती."

"कोणती ओळ? हे 'जेवून जा'वरच संपते."

"दर रविवारी म्हणून राहिलो ना मी ते. तू त्याच्यावरच बोलाले लागायचा, मले वाटलं घाईत हाये," तो म्हणाला. मग कठड्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटकडे बघत त्याने विचारलं, "एक सांग. रातकिडे ऐकू येऊन राहिले काय तुले?"

आणि मी, तेवढ्यातही, भाषण सुरू केलं. "आता कुठचे रातकिडे, या बिल्डर लोकायनं..." पुढे बोललो नाही, कारण बायकोने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता.

"अगा बापा," काकू म्हणाल्या, "ते तं कान किटवून राहिले!"

मी होता नव्हता तेवढा जीव कानात आणून ऐकलं. रिंग रोडवरचा एक ट्रक ऐकू आला. खाली कोणाची तरी मोटर सुरू होती. प्लॉटमध्ये नुसता अंधार उतरत होता.

धंतोलीच्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. सुरुवातीला काही वेळा दाबलं, मग आवाज येणंच थांबलं. मी वाट पाहत बसलो, मनात त्यांच्या मशीनला शिव्या देत. काचेपलीकडची मुलगी मात्र एकसारखी काहीतरी फिरवत होती. मग तिने थांबून माझ्याकडे पाहिलं, आणि मी शिव्या देणं थांबवलं. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेलेत, शब्दांची टोकं, शिट्ट्या, किडे. मोठ्या आवाजापाशी वर्षानुवर्षं उभं राहिल्याने. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा.

"ट्रेबल," मी म्हणालो.

डॉक्टरांना कळलं नाही. बाजूला बसलेल्या माझ्या मित्राला कळलं. दरवर्षी थोडं थोडं पुढे नेलेलं ते बटण आम्हा दोघांनाही एकदमच दिसलं. विदर्भात कोणाचा नाही असा तो टोन माझाही नव्हता. माझे कान जात होते आणि मी त्यांच्यामागे बटण फिरवत चाललो होतो.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुमा तिघायले त्या टोनचा त्रास नाही झाला?"

"डाव्या कानात प्लग घालतो ना मी. तू डावीकडे उभा राहते."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"आमाले वाटलं, तुझा टोन हाये तो." तो खिशात स्कूटरची किल्ली शोधत होता. "आम्ही तं तारीफ करत राहिलो बे."

मला रडायला हवं होतं. मी घाबरलो होतो, इतका की स्कूटरवर त्याच्या मागे बसून त्याचा शर्ट मुठीत धरला होता. काकूंचा कापूस त्याच्या ड्रमसाठी नव्हता, माझ्यासाठी होता, हे मला मानेवाडा चौकात सुचलं.

त्याच्या घरी पोचल्यावर मी पाणीही न पिता म्हणालो, "ती ओळ सांग." तो एकदा म्हणाला, मला ऐकू आली नाही. पुन्हा म्हणाला. ओरडून म्हणायची ती ओळच नव्हती. मग काकू पदराला हात पुसत आल्या, माझं डोकं धरून त्यांनी तोंड माझ्या कानाशी आणलं आणि शेताच्या पल्याड हाक मारावी तशी ओरडल्या, "तू हाक देत होती माय, मलेच ऐकू नाही आलं!"

कोणी ही गोष्ट रचून सांगितली असती, तर मी म्हटलं असतं, फारच जुळवून आणलंस बुवा. पण ती ओळ त्याने स्वतःसाठी लिहिली होती. मी ती दर रविवारी त्याच्यासमोर बसून कापली होती, त्याच्या आईपर्यंत जाण्याच्या आत.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा बसलो. कूलर बंद, काकू समोर खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर. तो उजव्या हाताने ढोलक वाजवत होता. "जेवून जा" आलं तेव्हा त्याने डाव्या हाताने मागे ठेवलेली स्टिक उचलली आणि उंच धरली, बँडमध्ये धरतो तशी. मी वाजवत राहिलो. त्याच्या ओठांकडे पाहिलं नाही, काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती ओळ तिथे पोचलेली मला दिसली. मग स्टिक खाली आली आणि मी थांबलो.