कूलरसमोर ठेवलेला लॅपटॉप

दुसऱ्या दिवशी अकोल्याला माझी शेवटच्या वर्षाची व्हायव्हा होती आणि इकडे वलगावला, घरी, लॅपटॉप सुरू होत नव्हता. बटण दाबलं की दिवा लागायचा, आतला पंखा घरघरायचा, स्क्रीन मात्र काळीच. मग आपोआप बंद, आणि पुन्हा तेच. संत्र्याच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारा माझा प्रोग्राम त्यातच होता. त्याची फाईल मेलवर होती, पण परीक्षकांना तो चालवून दाखवायचा होता, आणि कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तो कधीच चालला नव्हता.

आई दाराशी उभी होती. म्हणाली, “गरम होऊन राहिला होता माय तो. म्हणून सकाळभर कूलरसमोर ठेवला.”

मे महिन्यात पाहुणा आला की आमच्याकडे त्याची खाट कूलरसमोर टाकतात. तिने लॅपटॉपचंही तेच केलं होतं. मला ओरडायचं होतं, पण तिचा चेहरा पाहून जमलं नाही.

वर्गातल्या मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, कूलरच्या हवेची ओल आत गेली असेल. चार्जर काढ, मागचं झाकण उघड, बॅटरी सोडव आणि आता अजिबात चालू करू नकोस. आईने शिलाई मशीनचा बारका पेचकस आणून दिला. रॅमची पट्टी काढली, तर ती खरंच दमट लागली. पुसली आणि सगळं उघडंच पंख्याखाली ठेवलं. आई गच्चीवर उन्हात ठेवू म्हणत होती. मी नको म्हणाले, पण खात्री मलाही नव्हती.

आईने कूलर बंद केला. दुपारी बाबा कामावरून आले.

“कूलर काहून बंद हाय?”

आईने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. ते शर्ट काढून भिंतीला टेकून बसले. तिघंही घामाने निथळत होतो.

दिवेलागणीला पट्टी बसवली, बॅटरी जोडली, बटण दाबलं. एकदा बंद पडला. मग स्क्रीन उजळली. प्रोग्रामने पानावरचा रोग ओळखला.

त्यानंतर मी तो बंदच केला नाही. रात्रभर चार्जरवर, सकाळी एसटीत मांडीवर, स्क्रीन अर्धी उघडी. बॅटरीचा आकडा उतरताना बघत अकोल्यापर्यंत गेले. कंडक्टरने विचारलंही, सिनेमा पाहून राहिली का म्हणून.

व्हायव्हा झाल्यावर आईला फोन केला. मार्कांचं तिने विचारलं नाही.

“चालला ना? मंग आता बंद कर त्याले. थकला असन.”