ओळंब्याची दोरी

काल अण्णांनी न्हाणीघराची भिंत सरळ आहे का ते पाहायला ओळंबा सोडला आणि नेहमीच्या सवयीने डावा डोळा मिटून दोरीकडे पाहिलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गवंडी आहेत. त्यांच्या उजव्या डोळ्याचं बुबुळ खराब झालं, तेव्हा नेत्रदानातून मिळालेलं दुसरं बसवलं. उजेड परत आला, पण सरळ रेष वाकडीच दिसायची. चष्म्यानेही ती सुधारली नाही. "दोरीला वारा लागतोय," ते म्हणायचे, अगदी बंद खोलीतसुद्धा. बाहेरची कामं त्यांनी सोडून दिली होती. नुकतेच डॉक्टरांनी त्या बसवलेल्या बुबुळावर लेसरचे उपचार केले.

"काय हो, आज आहे का वारा?" आईने मुद्दाम विचारलं.

अण्णांनी दोरी वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"वारा कसला? दोरी सरळ आहे. भिंतच वर बोटभर बाहेर आलीय. कुणी बांधली गं ही?"

"तुम्हीच. लेसरच्या आधी."

मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. पण आपण जिला आपली नजर म्हणतो, ती एकट्याची नसावी. नावही ठाऊक नसलेल्या कुणीतरी जाताना बुबुळ दिलं, डॉक्टरांनी त्यातला वाकडेपणा काढला, आणि त्यामागे अण्णांची जुनी पारख अजून जागी होती.

अण्णा मोठ्याने हसले. "छिन्नी आण," मला म्हणाले, "आणि मुकादमाला फोन लाव. सोमवारपासून येतो म्हणावं."

स्वतः बांधलेली भिंत इतक्या आनंदाने पाडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.