शिगेविना पायली

कोंढा गावात खळ्यावर धान मोजायचं झालं की पहिली हाक सेवकरामला जायची. मोजावं त्यानंच, तेही बापाच्या लाकडी पायलीनं. पायली काठोकाठ भरायची, वर धानाची शीग चढवायची, तेव्हा कुठं ते माप. शीग नसलेली पायली बापानं उभ्या जन्मात कोणाला दिली नव्हती. "उणं माप देण्यापरीस मोजूच नये," असं तो म्हणे. सेवकरामनं ते मनाशी गाठ मारून ठेवलं, आणि तिथंच तो चुकला.

खळ्याचा हंगाम महिनाभराचा. एरवी तो लाखनीला एका राइस मिलमध्ये हमाली करी. बायको चंदा वेगळी झाली आणि लेक रश्मीला घेऊन अड्याळला माहेरी राहिली. कोर्टानं मुलीसाठी दरमहा दोन हजार खावटी लावली. वर्षभर त्यानं ती एक दिवसही चुकवली नाही. मग मिल बंद पडली. आता महिन्याकाठी सात-आठशेच हाती उरत. तेवढेच घेऊन जायची त्याला लाज वाटे. पुरे जमले की जाऊ, म्हणून तो थांबला. पैसे मात्र थांबत नसत, खर्चून जात. असे अकरा महिने गेले आणि कोर्टाची नोटीस आली.

भंडाऱ्याला कोर्टात त्यानं हात जोडले. "साहेब, मिल बंद झाली. माझंच भागत नाही."

"मग रक्कम कमी करण्याचा अर्ज का दिला नाही?" न्यायाधीशांनी मान वर केली. "धडधाकट आहात. गरिबी आली म्हणून बापपण सुटत नाही." थकलेल्या खावटीचे हप्ते बांधून मिळाले. हप्ता चुकला तर तुरुंग.

बाहेर पायऱ्यांवर चंदा उभी होती. "काहून नाही आले जी अकरा महिने?"

"पुरे नव्हते. अर्धेमुर्धे घेऊन कोणत्या तोंडानं येऊ?"

"वा रे मापारी! तुमची शीग चढेपर्यंत पोरीनं उपाशी राहाचं का? माह्या चपला घालून शाळेत जाऊन राहिली ते."

सेवकराम पुन्हा आत गेला आणि वकिलाकडून कमी रकमेचा अर्ज लिहून घेतला.

पुढच्या आठवड्यात गावातल्या भय्याजींच्या खळ्यावर धान मोजलं. मजुरीचं धान विकून त्यानं पहिला हप्ता भरला. उरलं ते पायलीत ओतलं. काठाला दोन बोटं कमीच होतं. वर फडकं बांधून, पिशवीत घालून, सायकलच्या दांडीला अडकवून तो अड्याळला गेला.

आईच्या चपला फटफट वाजवत रश्मी दारात आली. त्यानं पायली तिच्यापुढं ठेवली. मान वर होईना.

"उणी आहे, पोरी."

मागून आलेल्या चंदानं धान सुपात ओतलं आणि रिकामी पायली त्याच्या हाती दिली.

"पुढच्या शनिवारी आणजा," ती म्हणाली. "असन तेवढं."