बसून विणणारा

कारागिराचा कामगार नेमका कोणत्या दिवशी होतो? मालेगावच्या विणकरवस्तीचा अभ्यास करताना हा प्रश्न वारंवार समोर आला, आणि प्रस्तुत लेखकाला त्याचे उत्तर देता आले नाही. सरकारी दप्तरात मागांची संख्या मिळते, सुताचे भाव मिळतात, प्लेगात किती माणसे दगावली तेही मिळते. माणसाने बसणे कधी सोडले याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही. अर्थशास्त्राने भूमी, श्रम आणि भांडवल यांचा सखोल विचार केला. बुडाचा केला नाही. ही त्या शास्त्रातली उणीव नजीर मोमीनच्या हकिकतीने काही अंशी भरून निघावी.

नजीरचा माग खड्ड्याचा. घराच्या पुढच्या खोलीत गुडघ्याहून थोडा खोल खड्डा, त्यात पायाने दाबायच्या पावड्या, आणि खड्ड्याच्या काठावर, कापडाला पोट टेकवून, नजीर. त्या काठावर त्याचा आजा बसला, बाप बसला, आणि आता तीस वर्षे नजीर बसत होता. मातीला तिघांच्या बैठकीचा मिळून एक आकार आला होता. दारात मौलवी येवो, नगरपालिकेचा कारकून येवो की खुद्द सासरा येवो, नजीर उठत नसे. बसल्या जागेवरून त्याला आलेल्याचे गुडघे तेवढे समोर दिसत, आणि गुडघ्यांवरून माणूस ओळखता येतो, असे त्याचे ठाम मत होते. "फौजदाराचे गुडघे बघा," तो सांगे, "चालताना एकमेकांना सलाम करतात. असा माणूस चोर काय पकडणार?"

जगाची वाटणी त्याने दोन भागांत करून टाकली होती. काजी बसतो, शेठ बसतो, नवरदेव बसतो आणि विणकर बसतो. उभे राहतात ते दरबान, भिकारी आणि कोर्टातले आरोपी.

सन १९३६ च्या हिवाळ्यात जमीलशेठने मुंबईच्या एका गिरणीने भंगारात काढलेले चार माग मालेगावात आणले. जमीलशेठ हा सुताचा व्यापारी. गल्लीतल्या मागांना सूत तोच देई आणि विणलेली लुगडी तोच उचली. विजेवर चालणाऱ्या त्या लोखंडी मागांसाठी त्याने पत्र्याची शेड बांधली, आणि ते जोडायला नामपूरचा खंडेराव आणला. खंडेरावाने उमेदीची वीस वर्षे मुंबईच्या गिरणीत माग जुळवणारा जॉबर म्हणून काढली होती, पण तोंडातली अहिराणी त्याने गिरणीच्या भोंग्यालाही बधू दिली नव्हती.

शेड उभी राहताच जमीलशेठ नजीरच्या दारात आला आणि, रिवाजाप्रमाणे, वाकून बोलला.

"नजीरमियाँ, यापुढे सूत आधी शेडला जाईल. उरलं तर हातमागांना. तुम्ही शेडमध्ये या. तुम्ही आलात की गल्ली येते."

"आणि नाही आलो तर?"

"तर बसा. रिकामे बसा."

नजीरने धोटा एकदा इकडून तिकडे फेकला. "येईन. पण एक शर्त. बसून विणीन."

जमीलशेठला हायसे वाटले. एवढ्या मोठ्या माणसाची एवढी लहान अट! "बसा की, बाबा! तख्त देतो, लोड देतो, पाहिजे तर पीकदाणी ठेवतो."

अडचण वेगळीच निघाली. लोखंडी मागाचे कापड कमरेच्या उंचीवर विणले जाते. नजीरला उंच स्टूल दिले, तेव्हा त्याचे पाय अधांतरी लोंबू लागले. तो लगेच खाली उतरला. "हे विणणं नाही, ही हजामत आहे. पाय जमिनीत गेल्याशिवाय हाताला अक्कल येत नाही."

त्याच आठवड्यात खंडेराव पट्टे आणायला मुंबईला गेला, आणि गल्लीने तो प्रश्न आपल्या शहाणपणाने सोडवला. माणूस मागाएवढा उंच होत नसेल, तर मागाला माणसाएवढे खाली आणावे. शुक्रवारी सगळे माग बंद असतात. दुपारच्या नमाजानंतर अकरा विणकर कुदळी-फावडी घेऊन शेडमध्ये शिरले. एकाही माणसाला शंका आली नाही, कारण ज्याने जन्मात खड्ड्याबाहेर माग पाहिला नव्हता, त्याला तो खड्ड्यात घालणे म्हणजे दुरुस्तीच वाटणार. नजीरने आपल्या कोपराने माप घेतले, उतार खणला, आणि दोर बांधून चारांतले एक लोखंडी धूड कमरेपर्यंत जमिनीत उतरवले. पुढे पाय सोडायला वेगळा खड्डा ठेवला. नजीरची बायको जैतुनबी दारातून हे पाहत होती.

"निकाहाच्या कुर्तीला माझं माप कोणी घेतलं नव्हतं," ती म्हणाली, "आणि या भंगाराचं बघा कसं कोपराने मोजतायत."

सोमवारी खंडेराव परतला. शेडच्या दारात त्याच्या खांद्यावरचे पट्टे गळून पडले.

"हाई माग शे का मुडदा? पुरी टाका तुम्हीन!"

"पुरला नाही, खंडूभाऊ. बसवला."

"बसवला? आन तेल कोठून घालू? खाले मुंडकं घालीसन?"

"तुझं मुंडकं वर असून तरी काय उजेड पडला?"

खंडेरावाने मुंबईची, गिरणीची आणि मोमीनपुऱ्याची मिळून एक शिवी रचली, मग मागाभोवती दोन फेऱ्या मारल्या, पट्टा लावला आणि वीज सोडली. माग चालला. जमिनीत अर्धा गाडलेला, धडधडत, पण चालला. नजीर पुढे नवाबासारखा बसला होता. त्याचे पाय खालच्या रिकाम्या खड्ड्यात सवयीने खालीवर होत होते; तिथे दाबायला काहीच नव्हते, हे पायांना कोणी सांगितले नव्हते.

पहिला धागा तुटला तेव्हा दुसरी अडचण कळली. माग थांबवण्याचा दांडा उजव्या टोकाला होता. उभा माणूस एका ढांगेत तिथे पोहोचला असता. नजीरला खड्ड्यातून वर यावे लागले, आणि तोवर वीतभर कापड फुकट गेले. नजीरने त्यावरही तोड काढली. दांड्याला सुती दोर बांधला आणि दुसरे टोक आपल्या मनगटाला. धागा तुटला की हिसका, माग गप्प. सटाण्याहून, कळवणहून माणसे ही वेसण घातलेली वीज पाहायला येऊ लागली. लुगडे उत्तम उतरत होते. खंडेराव रोज सकाळी तेलाची झारी घेऊन खड्ड्यात डोके खाली, पाय वर असा उतरे, आणि नजीर बसल्या बसल्या म्हणे, "बघा, मुंबईचं शिक्षण."

असे सात आठवडे चालले. यंत्र माणसाला उभे करते, हा सिद्धांत या सात आठवड्यांपुरता तरी मागे घ्यावा लागतो. यंत्राची तक्रार नव्हती. तक्रार होती ती अंकाची.

मोहरम उलटल्यावर एके सकाळी जमीलशेठ नजीरच्या खड्ड्याशी येऊन उभा राहिला. या वेळी तो वाकला नाही.

"नजीरमियाँ, उद्यापासून शेजारचा मागही तुम्ही बघायचा. मुंबईत एका माणसाकडे दोन असतात."

"त्यालाही खाली घेतो. शुक्रवार येऊ दे."

"खाली घ्या, नाहीतर पोटमाळ्यावर चढवा. पण दोघांपुढे बसणार कसे?"

नजीरने दोन्ही मागांकडे आळीपाळीने पाहिले.

"शेठ, अल्लाने हात दोन दिले, डोळे दोन दिले. बूड एकच दिलं. काही विचार करूनच दिलं असेल."

"मग त्या विचाराला सूत मागा," असे म्हणून जमीलशेठ निघून गेला.

नजीर घरी आला आणि आजाच्या खड्ड्यात जाऊन बसला. मागावर ताणा नव्हता. तीन दिवस तो तसाच रिकाम्या मागापुढे बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे गुडघे पाहत होता. चौथ्या दिवशी जैतुनबी हातातला पांजणीचा कुंचा न ठेवताच त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. पांजणी म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावणे. गल्लीच्या लांबीचा ताणा पहाटे बाहेर पसरायचा आणि त्याच्या कडेने कुंचा मारत सूत वाळेपर्यंत फेऱ्या घालायच्या. शेडच्या मागांचे ताणेही अजून गल्लीतच, तिच्याच हातून, तयार होत होते.

"सिताराचे अब्बा, उभा राहतो तो भिकारी, असं म्हणता ना तुम्ही?"

"म्हणतो."

"मी तीस वर्षं तुमचा ताणा पाजते. रोज कोसभर चालते. एक दिवस बसले नाही. मग मी कोण?"

नजीर रिकाम्या मागावरून हात फिरवू लागला.

"तुम्ही बसलात कारण मी उभी होते. आता दोघं उभे राहू. गुडघे माझेही दुखतात, पण त्यांची फिलसूफी मी कोणाला ऐकवत नाही."

नजीरने तिच्या गुडघ्यांकडे पाहिले. तीस वर्षांत ते त्याने कधी वाचले नव्हते. मग त्याने दोन्ही हात काठावर टेकले आणि उठला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तो शेडमध्ये दोन मागांच्या मध्ये उभा राहिला. मनगटाचा दोर त्याने सोडून टाकला होता. शेजारचा माग पुरेशा उंचीवर होता. त्याच्यापुढे ताठ उभे राहता येई. दुसरा जमिनीत होता, त्यामुळे प्रत्येक तुटल्या धाग्याला नजीरला त्याच्यापुढे कमरेतून वाकावे लागे, आणि ते वाकणे त्याने स्वतः अकरा माणसे लावून खणून घेतले होते. दुपारपर्यंत चाळीसेक वेळा वाकून झाल्यावर खंडेराव जवळ आला. त्याने शिवी दिली नाही, हे विशेष.

"वर काढी लेऊत का, नजीरभाऊ?"

"काढू. शुक्रवारी."

गाडायला अकरा माणसे पुरली होती. वर काढायला सव्वीस माणसे आणि दोन बैलजोड्या लागल्या, आणि तरीही माग किंचित तिरपा बसला. सगळा वेळ नजीर उभ्याने हुकूम सोडत होता. खड्डा त्याने स्वतःच्या पायांनी तुडवून भरला, तेव्हा गल्लीतल्या कोणीतरी विचारले, "उस्ताद, आता बसायचं कुठं?"

"घरी जेवायला बसतो," नजीर म्हणाला. "तेही जैतुनबीनं बसू दिलं तर."

सन १९५३ मध्ये जमीलशेठच्या त्या शेडमध्ये सोळा माग होते आणि एका माणसाकडे चार.