गुपचूप पंखा

शेगडी झाडल्याशिवाय पेटवायची नाही, पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही. आपल्या हातून एखादा जीव जाईल, ह्या धास्तीतच कुपवाडच्या शालनबाईंचा जन्म गेला.

त्यात त्यांच्या मुलानं, अतिशयनं, सीपीयूच्या डब्याला नवा पंखा बसवला.

"जुना नुसता बोंबलायचा, आई. ह्याचा आवाजच न्हाई, आन् मशीन लय गार राहतंय."

शालनबाई पंख्याकडं बघत म्हणाल्या, "जुना आरडायचा तवा चिलटं लांब तरी पळायची रं. ह्यो गुपचूप मारतोय!"

अतिशयला हसू आलं. दिवस मावळायच्या आत जेवून तो परत कामाला बसला, तर पडद्यावरचा तापमानाचा आकडा भराभर चढत होता. बघता बघता मशीन बंद पडलं. गिऱ्हाइकाचं सगळं डिझाइन त्यातच होतं. वाकून बघतो, तर पंख्याच्या जाळीवर पाणी गाळायचं फडकं घट्ट बांधलेलं!

"आई!" म्हणत तो फडकं ओढणार, तोच शालनबाई किंचाळल्या, "झटकू नगंस!"

फडक्यावर एक चिलट होतं. त्याचे पाय अजून हलत होते.

आपल्या श्वासाचा वारा त्याला लागेल, ह्या भीतीनं अतिशयनं नाक दाबून धरलं.