दोरा बांधलेलं फूल

शिवकांता माझी धाकटी जाऊ. दिसायला साधी, बोलायला कमी, आणि हाताला असा गुण की वाळकी काडी खोचली तरी तिला पालवी फुटायची. हा गुण माझ्या हाताला का नाही, यावर जळण्यात मी दहा-बारा वर्षं घालवली. मी जळतच होते, त्याला दुसरं नाव द्यायला गेले तर खोटं होईल.

लातूर जिल्हा झाला त्याच्या आदल्या वर्षी आमची वाटणी झाली. अंगणात कमरेएवढी मातीची भिंत घातली. अलीकडं मी आणि माझे मालक बसवंत, पलीकडं शिवकांता आणि तिचा नवरा नरसिंग. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वा दोन्हीकडं जेवायच्या, पण बसायच्या तिकडंच. नरसिंग नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई म्हणून चिकटला आणि माझे मालक अडतीवर पोती उचलत राहिले. तेही मला सलायचंच.

नवे साहेबलोक आले, त्यांची क्वार्टरं झाली. क्वार्टरांमागं मोकळी जागा होती, त्यामुळं बायकांना परसबागेची हौस आली. शिवकांतानं डालड्याचे रिकामे डबे जमवले, त्यात शेणखत-माती भरली आणि रोपं करायला घेतली. वांगी, मिरची, टमाटे, शिवाय ओवा, पुदिना, गवती चहा. सकाळी पाटी डोक्यावर घेऊन ती क्वार्टरांकडं जायची. साहेबांच्या बायका तिला खुर्ची द्यायच्या म्हणे. खुर्ची! मला आमच्या अडतवाल्याच्या बायकोनं कधी पोतंसुद्धा टाकलं नाही बसायला.

त्या बायकांना ती काय शिकवायची तेही मला पाठ होतं, कारण मी भिंतीआडून सगळं ऐकायची. कुणी रोपं न्यायला घरी आलं की ही सांगणार, "बाईसाब, पावडर मारू नका. राख टाका, कडू लिंबाचा पाला उकळून शिपडा. पावडरनं मधाची माशी मरती, अन् माशी मेली की फूल गळून जातंय."

तिच्या अंगणाचा अर्धा तुकडा नुसता फुलांचा होता. शेपू, कोथिंबीर, तुळस, सगळं फुलावर येईस्तोवर ठेवायची. मी भिंतीवरून म्हणायची, "अगं खुड की ती कोथिंबीर, म्हातारी झाली." तर म्हणे, "त्यो माश्यांचा वाटा हाय, अक्का." सगळ्या जगाचा वाटा हिच्याकडं होता, माझा तेवढा नव्हता.

पण मला खरं लागलं होतं ते बी. अव्वांचं माहेर मुखेडकडचं. लग्नात त्यांनी दुधी भोपळ्याचं बी आणलं होतं. त्या भोपळ्याची मान थोडी वाकडी, पण साल इतकी कोवळी की नखानं निघावी, आणि चवीला गोड. दरसाल एक फळ वेलावर पिकवायचं, बी काढायचं, शेणाच्या गोवरीत खोचून ती गोवरी भिंतीला थापायची, ही अव्वांची रीत. मी थोरली सून. ते बी माझ्याकडं येणार असं मी धरून चालले होते. वाटणीच्या दिवशी अव्वांनी ते शिवकांताच्या पदरात घातलं. "हिचा हात बरा हाय," एवढंच म्हणाल्या. माझ्या हाताकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी त्या दिवशी एक काम केलं. शिवकांता पाणी आणायला गेली तेव्हा तिच्या पुरचुंडीतून अकरा बिया उचलल्या, गोवरीत खोचल्या आणि गोवरी माझ्या चुलीमागं थापून टाकली. लावल्या मात्र नाहीत. लावून काय उपयोग? वाकडी मान दिसली की अख्ख्या गल्लीला कळलं असतं.

मग मी ईर्षेनं माझ्या माहेराहून, बिलोलीहून, कडू भोपळ्याचं बी आणलं. आमच्याकडं त्याचे तुंबे करतात. फळ वाळवून, पोखरून रानात पाणी न्यायला. पाऊस गेला होता, एक साल नाही, दोन साल. गल्लीत टँकर यायचा. तशातही माझा वेल भिंत ओलांडून पसरला, पांढऱ्या फुलांनी भरून गेला. येता-जाता लोक माझ्या वेलाकडं बघायला लागले. तेवढं एक सुख मला मिळालं.

त्याच साली शिवकांताचे बाकीचे वेल करपले. एकच दुधी उरला. हंडाभर पाण्यात एकच फळ पिकेल, तेवढ्यावर पुढच्या सालचं बी. त्या वेलावर तिनं एक मादी कळी निवडली, म्हणजे जिच्यामागं बोटाएवढं फळ असतं ती, आणि कळीच्या तोंडाला लाल दोरा बांधला. मी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. शेजारची रुक्मिणबाई माझ्या कानाला लागली, "दोरा मंतरलेला असंल बगा. तिनं बरकत बांधून ठिवलीय."

मला करणीबिरणी पटत नव्हती. पण तिनं त्या फुलात काय कोंडलंय, हे बघितल्याशिवाय मला जेवण जाईना.

तिन्हीसांजेला टँकरचा भोंगा झाला. शिवकांता हंडे घेऊन पळाली. मी भिंतीवरून वाकले आणि दोरा सोडला. कळी हळूहळू उमलली. आत काहीच नव्हतं, नुसतं फूल. मी बघत उभी राहिले, तेवढ्यात माझ्या वेलावरचा एक पाकोळीसारखा किडा उडाला आणि त्या फुलावर जाऊन बसला. मागून दुसरा आला. मी त्यांना हाकललं नाही. हंड्यांचा आवाज आला तसा घाईनं दोरा परत बांधला आणि चुलीपाशी जाऊन बसले.

शिवकांता आली तशी मी दारातून डोकावले. तिनं दोरा सोडला, स्वतःच्या वेलावरचं नर फूल खुडून त्यावर घासलं आणि पुन्हा दोरा बांधला. तेव्हा मला कळलं की दोरा कशासाठी होता. माझ्या कडू वेलाची भेसळ नको म्हणून. ती मला वाईट बोलली नव्हती, वेल उपटा म्हणाली नव्हती, नुसता दोरा बांधला होता. आणि मी तेव्हाही गप्प बसले.

फळ पिकलं. पुढच्या मृगात तिनं त्या बियांची रोपं केली आणि निम्म्या क्वार्टरांत दिली. श्रावणात फळं धरली, वाकड्या मानेची, देखणी. पहिली भाजी एका साहेबाच्या घरी झाली आणि घरातली चार माणसं ओकून हैराण झाली. दुसऱ्या घरी तेच. आठवड्यात तिचे डबे परत यायला लागले. वांग्याची रोपंसुद्धा कुणी घेईना.

अव्वांनी एक फोड जिभेला लावली आणि थुंकल्या. "बी बाटलं," म्हणाल्या.

शिवकांता म्हणाली, "माझाच दोरा सैल पडला असंल, अव्वा." आणि तिथंच बसून रडली.

तीन दिवस मला फार गोड वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. चौथ्या दिवशी तिनं सगळे वेल उपटले आणि रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायला लागली. तिच्या अंगणातली शेपू-तुळस वाळली आणि माश्या यायच्या बंद झाल्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अव्वांनी मला तिकडं बोलावलं. शिवकांता कोपऱ्यात फुटलेल्या बोटांना हळद लावत होती. अव्वांनी बियांची रिकामी पुरचुंडी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तुलाच द्याया पाहिजे हुतं, थोरले. तुझ्याकडं असतं तर असं झालं नसतं."

या वाक्याची मी किती वर्षं वाट पाहिली होती. ते ऐकून अंगावर मूठभर मांस चढायला हवं होतं. शिवकांतानं मान खाली घातली. ते तिला खरं वाटलं होतं, आणि मला ते सोसेना. मी उठले, घरी आले, चुलीमागची गोवरी उलथण्यानं खरवडून काढली आणि परत जाऊन तिच्यापुढं ठेवली.

"यात अकरा हायती. तुझ्याच पुरचुंडीतल्या. चोरल्या व्हत्या मी," मी म्हणाले. "अन् दोरा सैल नव्हता. तुझ्या माघारी मी सोडला व्हता."

अव्वा त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शिवकांतानं गोवरी पुढ्यात ओढली. तिनं गोवरी फोडली, बिया निवडल्या, सात ठेवल्या आणि चार माझ्या तळहातावर घातल्या. मी माझा कडू वेल त्याच संध्याकाळी मुळासकट उपटला. तिनं सांगितलं नव्हतं.

तिच्या बिया चौथ्या दिवशी उगवल्या, माझ्या नवव्या दिवशी, त्याही दोनच. मला राग आला तो आलाच.

पुढं तिचा वेल फुलावर आला तेव्हा ती कामावर निघताना भिंतीपाशी थांबली. "अक्का, कळी भरलीय. क्वार्टरांकडं बाटलेले वेल अजून हायती. मला यायला आज उशीर व्हईल. दोरा तुम्ही बांधा," म्हणाली, आणि लाल दोऱ्याचं रीळ भिंतीवर ठेवून निघून गेली.

मी बांधला. दुसऱ्या दिवशी सोडला, फूल घासलं, परत बांधला. चांगली आवळून गाठ मारली. संध्याकाळी वाटलं, आता येईल, वेलापाशी जाईल, गाठ बोटानं चाचपून बघेल. ती आली, हंडे उचलले आणि टँकरकडं गेली.

तिनं ती गाठ एकदाही बघितली नाही. तिच्या जागी मी असते तर रोज दहादा बघितली असती, आणि तिच्या हातातला हाच गुण मला आजही सहन होत नाही.